घे, थोडी घे

गेल्या पावसाळ्यात मी एका इटालियन कथेचा मराठी अनुवाद करत होते. कथा नऊ पानांची. तोस्कानातल्या खेड्यातलं एक कुटुंब मयतीहून परततं, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसतं, म्हातारा बाप फडताळातून बाटली काढतो आणि प्रत्येकाच्या पेल्यात थोडी थोडी ओततो. फारसं कोणी बोलत नाही. एवढीच कथा. त्या नऊ पानांत 'व्हीनो' हा शब्द चौदा वेळा येतो. बाकीचा मजकूर तीन आठवड्यांत हातावेगळा झाला. या एका शब्दापाशी मी पुढचे तीन-चार महिने अडून राहिले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, 'वाईन' लिहावं. पहिल्या खर्ड्यात मीही तेच लिहिलं होतं. पण वाचून पाहिलं तर तो शेतकरी बाप एकदम पुण्याच्या कोरेगाव पार्कात जाऊन बसलेला. मराठीत 'वाईन' म्हटलं की उंच दांड्याचा ग्लास येतो, चीज येतं, फोटो येतो. 'दारू' लिहावं तर त्या टेबलावर आता मारझोड सुरू होणार असं वाटायला लागतं. 'मद्य' हा शब्द सरकारी इशाऱ्यातला आणि पोलिसांच्या पंचनाम्यातला. 'मदिरा' संस्कृत नाटकातली. 'द्राक्षासव' वैद्यांच्या दुकानातलं. जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून. मराठी बायबलमध्ये 'द्राक्षारस' आहे. काना गावच्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. शब्द देखणा आहे, पण बायबल न वाचलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ज्यूसवाल्याकडचा बर्फ घातलेला जांभळा पेलाच येईल.

तौलनिक साहित्यात एम.ए. करताना आम्हाला शिकवलं होतं की अनुवाद शब्दाचा होत नाही, त्याच्या भोवतालच्या जगाचा होतो. परीक्षेत मी हे सविस्तर लिहून गुणही मिळवले होते. पण या शब्दाभोवतीचं माझं स्वतःचं जग निराळं होतं, आणि अनुवाद करताना मी ते हळूच टेबलाखाली सारत होते.

ते जग असं. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात, वेळापूरजवळच्या एका वस्तीवर माझं बालपण गेलं. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरला मुक्कामाला यायची, आणि तुकाराम महाराजांची सराटीजवळ नीरा ओलांडून अकलूजला. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, प्राथमिक शाळेत शिक्षक. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातलेला माणूस मांसाला आणि दारूला शिवत नाही. अण्णांचे भाऊ, आमचे तात्या, यांनी मात्र हातभट्टीपायी आधी दोन एकर रान घालवलं, मग बैलजोडी, आणि मी नववीत असताना ते गेले. वय पंचेचाळीस. आज मी त्याच वयाची आहे. तात्यांविषयी घरात बोललं जात नसे. कोणी विचारलंच तर आजी म्हणायची, "तो घ्यायचा." काय घ्यायचा, ते कोणी सांगायचं नाही.

आमच्या घराचंच हे होतं असं नाही. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या मनातला प्याला सुधाकराच्या हातातला आहे. शेजारी सिंधू शिवण शिवत किंवा दळण दळत बसलेली. कन्नडमध्ये जी. पी. राजरत्नम यांनी 'रत्नन पदगळु'मध्ये रत्न नावाचा पिणारा गडी उभा केला. तो गातो, बायकोवर आणि कन्नड भाषेवर जीव टाकतो. माझा नवरा धारवाडचा, कन्नडभाषक. त्याच्या घरी रत्नाची गाणी लहानपणी म्हटली जायची. पिणाऱ्या माणसाकडे बघून माणसं हसूही शकतात हे मला लग्नानंतर कळलं, आणि ते पचायला वेळ लागला.

बेंगळुरूला येऊन मला वीस वर्षं झाली. या शहराला द्राक्ष नवं नाही. 'बेंगळूर ब्लू' नावाचं जाड सालीचं, गडद, कस्तुरीसारख्या उग्र वासाचं द्राक्ष इथल्या आसपासच्या तालुक्यांत पिकतं. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. नाताळच्या आधी दोन महिने आमच्या ओळखीच्या ख्रिस्ती घरांत ही द्राक्षं साखर घालून बरणीत आंबत पडतात, आणि केकबरोबर छोट्या पेल्यातून ती गोड वाईन पाहुण्यांपुढे येते. मी पहिला घोट घेतला तो असाच, मल्लेश्वरममध्ये शेजारच्या आजींच्या आग्रहाखातर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. घरी फोनवर केकचं सांगितलं. पेल्याचं सांगितलं नाही.

मग इटालियन शिकायला लागले आणि क्यांतीची ओळख झाली. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या टेकड्यांचा हा प्रदेश. तिथल्या लाल वाईनलाही क्यांतीच म्हणतात. 1716 साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं फर्मान काढून तिची हद्द आखली. कुठल्या शिवारातल्या वाईनला हे नाव लावायचं, ते कायद्यानं ठरवण्याचे जगातले अगदी सुरुवातीचे प्रयत्न जे, त्यातला हा एक. इटलीचा पंतप्रधान राहिलेला बेत्तीनो रिकासोली नंतर आपल्या मळ्यात वर्षानुवर्षं प्रयोग करत बसला आणि 1872 साली एका पत्रात त्यानं मिश्रणाचा हिशोब मांडला: अंग आणि वास सांजोवेसे या द्राक्षाचा, त्याचा कडकपणा थोडा मऊ करायला कानायोलो, आणि लवकर प्यायची असेल तर थोडं पांढरं माल्वाझिया. पंतप्रधानकीपेक्षा त्याची आठवण या पत्रासाठी जास्त काढली जाते.

जुन्या सिनेमात दिसणारी, खाली पोट सुटलेली आणि गवताच्या वेष्टणात बसवलेली बाटली ती हीच. तिला 'फियास्को' म्हणतात. फजितीला इंग्रजीत जो शब्द वापरतात तोही इटालियनमधल्या याच शब्दावरून गेला आहे. बाटलीचा फजितीशी संबंध कसा जुळला यावर भाषेच्या अभ्यासकांचं एकमत नाही. आमच्या तालुक्यात कोणाला शंका आली नसती.

सांजोवेसे हे द्राक्ष पातळ सालीचं आणि उशिरा पिकणारं. त्याची वाईन रंगानं फार दाट नसते. पेला तिरका धरला तर कडेला विटकरी छटा दिसते. वास आंबट चेरीचा, वाळलेल्या पाल्याचा, कधी चहाच्या पत्तीचा, असं युरोपातली पुस्तकं सांगतात. नावाची लोकांत रूढ असलेली व्युत्पत्ती 'जोव्हचं रक्त' अशी. जोव्ह म्हणजे ज्युपिटर, आणि ज्युपिटर म्हणजे आपल्या वेदांतला द्यौष्पितर. दोन्ही नावं एकाच मुळाची. एम.ए.च्या वर्गात अशा गोष्टींनी आम्हाला गुदगुल्या व्हायच्या.

पण खरा धक्का दुकानात बसला. सात-आठ वर्षांपूर्वी इथल्या एका दुकानात मी सांजोवेसेची बाटली शोधत होते. इटलीहून आलेल्या बाटलीची किंमत पाहून ती परत ठेवली आणि शेजारची उचलली. नाव 'फ्रातेल्ली'. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. लॅटिन 'फ्रातेर', संस्कृत 'भ्रातृ', मराठी 'भाऊ', सगळी एकाच घरातली. बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं. तिथे अकलूज लिहिलं होतं. तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर.

नंतर माहिती काढली. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून 2007 च्या सुमारास हे काम सुरू केलं. वाईन करायला क्यांतीकडचेच पिएरो मासी आले. सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों मिळून केलेल्या त्यांच्या एका वाईनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. पालख्या जिथून जातात, जिथं आमच्या लहानपणी ऊस, ज्वारी आणि डाळिंब एवढंच दिसायचं, त्या शिवारात तोस्कानाचं द्राक्ष उभं आहे हे मला माहीतच नव्हतं. मी ते बेंगळुरूच्या दुकानात, दुसऱ्या लिपीत वाचत होते.

तसं पाहिलं तर इटलीची वाईन आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाईन आहे, आणि तीही इटलीची असेल तर अधिक पसंत असं नोंदलेलं आहे. त्याच पुस्तकात पैठण आणि तगर या बाजारपेठांची नावं येतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं तेर. भडोचहून ती वाईन दख्खनच्या घाटावर कोण घेत होतं हे पुस्तक सांगत नाही. घेणारे होते, एवढं खरं.

ती अकलूजची बाटली आम्ही घरी उघडली तेव्हा मी आधी पुस्तकातली चेरी शोधली. मला चेरी ओळखीची नाही. आमच्याकडे ती केकवर चिकटवलेली, साखरेत मुरलेली यायची. दुसऱ्या घोटाला लक्षात आलं की हे करवंद आहे. अगदी पिकलेलं नव्हे, अजून चीक धरून असलेलं. त्याच्या मागून जिभेच्या कडांना जे धरून ठेवतं, गालाची आतली बाजू ओढून घेतं, त्याला इंग्रजीत सांगायला लोकांना 'टॅनिन' हा रसायनशास्त्रातला शब्द लागतो. आपल्याकडे पोरही सांगेल: तुरट. जांभूळ खाल्लं की तुरट, आवळा तुरट, कोवळी सुपारी तुरट. आयुर्वेदानं कषाय हा सहा रसांतला एक रस मानला, मधुर आणि अम्लाच्या पंक्तीला बसवला. तुरटपणाला मानाचं पान देणाऱ्या भाषेत वाईनविषयी बोलायला शब्द नसावेत, हे मला त्या रात्री विचित्र वाटलं. शब्द होते. ते कोणी त्या पेल्यापर्यंत आणले नव्हते.

ही वाईन नुसती प्यायची नाही, हेही तेव्हाच उमगलं. रिकाम्या तोंडी ती आंबट आणि आडमुठी लागते. क्यांतीच्या लोकांनी ती टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि भाजलेलं मांस यांच्या सोबतीला घडवली. आमच्या घरी तिला सोलापुरी शेंगाची चटणी, ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं मिळालं. शेंगदाण्याचं तेल तिचा तुरटपणा कापतं आणि तिचा आंबटपणा तेलाला. तिखट मात्र बेतानं. फार झणझणीत असेल तर दोघंही एकमेकांवर ओरडतात. आणि थंडावा हवा. लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असं लिहितात, पण ती खोली युरोपातली, जाड दगडी भिंतींची, सोळा ते अठरा अंशांची. मे महिन्यातली सोलापूरची खोली त्यांनी पाहिलेली नाही. बेंगळुरूतही उन्हाळ्यात मी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. डिसेंबरात गरज पडत नाही.

तो डिसेंबरच होता. कार्तिकी वारी उरकून अण्णा आमच्याकडे राहायला आले. वय एक्क्याऐंशी. त्यांच्या येण्याआधी दरवेळी मी बाटल्या कपड्यांच्या कपाटात सरकवते. या वेळी कथेच्या नादात विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा करायला उठले, तर अण्णा स्वयंपाकघरात चष्मा कपाळावर सरकवून बाटलीचं मागचं लेबल डोळ्यांजवळ धरून उभे.

"अकलूज लिहिलंय की गं यावर."

"हो, अण्णा."

मला वाटलं आता ते बाटली ठेवतील आणि दोन दिवस अबोला धरतील. ते म्हणाले, "वाण कुठला?"

"सांजोवेसे. इटलीकडचा."

"छाटण्या दोन करतात का तिकडच्यासारखी एकच?"

दोनच कराव्या लागतात, मी सांगितलं. इटलीत हिवाळ्यात वेल झोपतो, पानं गळतात, एकदा छाटलं की वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी. घड तयार होतात ते फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. हे अण्णांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या मित्राची द्राक्षबाग होती, डावणी आणि भुरीच्या फवारण्यांत त्यांनी त्याला रात्री-अपरात्री सोबत केलेली. ते मनाशी हिशोब करून म्हणाले, "म्हणजे आत्ता मणी वाटाण्याएवढे असतील." मग विचारलं, "वास घेतला तर चालतं ना माळकऱ्याला?"

हे त्यांनी मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. बाटली आदल्या रात्रीची, अर्धी होती. मी थोडी पेल्यात ओतून त्यांच्या हाती दिली. त्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, पेला खाली ठेवला.

"गोड नाही वास. जांभळाच्या सालीसारखा आहे. तुरट लागत असणार."

मी मान हलवली. बोलले असते तर आवाज फुटला असता.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तात्या नाक दाबून प्यायचा. मी बघितलंय. ओढ्याच्या कडेला बसून, लहान पोराला एरंडेल देतात तसा स्वतःच स्वतःला पाजायचा. त्याला चव कसली ती कधी कळली नसेल." आणि लगेच, शाळेतल्या आवाजात, "म्हणून ही चांगली असं मी म्हणत नाही. त्यानंही थोडीनंच सुरुवात केलेली. तुझ्याकडे ग्लास काचेचा आहे, एवढ्यानं फरक पडत नसतो."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. करवंद, जांभूळ, कषाय रस हे सगळं मांडून झाल्यावरही पेल्यात जे असतं ते असतंच. माझ्या पगाराच्या, माझ्या शहराच्या, माझ्या जेवणाच्या टेबलाच्या आधारानं मी थोडीवर थांबते. तात्यांकडे यांतलं काही नव्हतं. त्यांना मी चवीच्या बाबतीत अडाणी म्हणू लागले, तर तो माझा उथळपणा ठरेल.

रात्री जेवायला बसलो. भाकरी, वांगं, चटणी. नवरा संकोचून पाण्याचा तांब्या घेऊन बसला. अण्णांनी आमच्या दोघांच्या ताटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "रोजच्यासारखं घेत असाल तर घ्या. माझ्यासाठी थांबू नका. फक्त ती बाटली देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांसमोर पेला ओठाला लावला. घोट गिळताना घशात अडकल्यासारखा झाला. अण्णा मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. थोड्या वेळानं त्यांनी चटणी माझ्याकडे सरकवली. "घे," म्हणाले.

रात्री झोप येईना तेव्हा त्या 'घे'नं मला कथेकडे परत नेलं. मराठीत पिणाऱ्या माणसाविषयी आपण कर्म गाळून बोलतो. तो घेतो. तुम्ही घेता का? लाजेपोटी नाम उच्चारायचं नाही. पण हेच क्रियापद, असंच कर्म गाळून, आपण पंक्तीत बसलेल्या पाहुण्याला वापरतो. घे ना. अजून थोडं घे. आजीच्या "तो घ्यायचा"मध्ये जी लाज होती आणि अण्णांच्या "घ्या"मध्ये जी मुभा होती, ती दोन्ही एका धातूत मावत होती. इटालियन कथेतला म्हातारा बाप मयतीनंतर मुलांच्या पेल्यात ओततो तेव्हा त्याच्या ओतण्यात दुःख आणि अगत्य एकत्र आहे. मी चार महिने नाम शोधत होते. मराठी माणूस त्या टेबलावर नाम वापरणारच नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

चौदापैकी नऊ ठिकाणचं नाम मी काढून टाकलं. कथेच्या सुरुवातीला 'घरच्या द्राक्षांची वाईन' असं एकदा स्पष्ट लिहिलं, पुढे चार जागी नुसतं 'वाईन' ठेवलं, आणि बाकी सगळं क्रियापदावर सोडलं. बाप मोठ्या मुलाला म्हणतो ते वाक्य मराठीत असं झालं: "घे, थोडी घे."

'थोडी' हा शब्द मुळात नाही. तो मी घातला. संपादकांनी विचारलं, तेव्हा सांगितलं की स्त्रीलिंगावरून वाचकाला वस्तू कळावी म्हणून. कारण खोटं नाही, पण तेवढंच नाही.

अनुवाद छापून आल्यावर अंक अण्णांना पाठवला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. कथेविषयी बरं-वाईट काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं उरलेली बाटली शेवटी काय केली? मला नीट वाचता आलं नाही, अक्षर बारीक आहे."

मी म्हटलं, "बूच लावून परत फडताळात ठेवली, अण्णा."

"मग ठीक," म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी मूळ कथा काढून शेवटचं पान पुन्हा पाहिलं. बुचाचं वाक्य तिथे होतं. अर्ध्या ओळीचं, अनुवाद करताना मी त्याच्यावरून सरळ पुढे गेले होते.